हाव माय

माझी आई लेकीच्या घरी राहत नसते. येते, एक मुक्काम करते, सकाळी उठून पिशवी भरते आणि म्हणते, "सोड मला स्टँडवर." मी लातूरला, ती हदगावच्या पुढं आमच्या गावात. मधे नांदेडला एसटी बदलायची. एवढं धडधड करत आल्यावर माणसानं चार दिवस तरी टेकावं की नाही? पण न्हाई. "लोक काय म्हणतील? जावयाच्या दारात बसून खाऊन राहिली म्हणतील." आता आमच्या अपार्टमेंटमध्ये कोण कुणाच्या दारात काय खातं हे शेजारच्यालाही माहीत नसतं. पण आईचे लोक वेगळेच. ते सगळीकडं असतात, त्यांना दुसरा धंदा नाही.

बाबा होते तोवर मी हे हसण्यावारी नेलं. बाबा गेले आणि ती घरात एकटी पडली. मला ना भाऊ, ना बहीण. दर रविवारी फोनवर मी विचारायची, "आई, लातूरला राहायला येतीस का? कायमची?" ती म्हणायची, "न्हाई." मग मी विचारायची, "जेवलीस का?" ती म्हणायची, "हाव." हे हाव साफ खोटं असायचं. शेजारच्या काकूंनी मला सांगितलं होतं, सकाळचीच अर्धी भाकर संध्याकाळी ताटात घेऊन बसते आणि तीही निम्मी कुत्र्याला घालते. फोन ठेवल्यावर माझा नुसता जळफळाट व्हायचा. मला आई घरी आणायची होती, बस्स. दुसरं काही नको होतं.

आमच्याकडं 'हो'ला हाव म्हणतात, हे एक सांगून ठेवते, पुढं लागणार आहे. पुस्तकातल्या मराठीत हाव म्हणजे हपापलेपण. माझा नवरा लातूरचाच, पण शिकला पुण्यात, तेव्हापासून तो 'हो' म्हणतो आणि मी हाव म्हणलं की मिशीत हसतो.

तर हा नवरा डाळ मिलमधल्या मशिनी बसवायचं काम करतो. तुरीच्या डाळीतला काळा दाणा, खडा कॅमेऱ्यानं ओळखून फू करून उडवणारी मशीन असते, ती. ह्या मशिनी चीनमध्ये बनतात. कंपनीनं त्याला एक वर्ष तिकडंच पाठवलं, मीही गेले. शहराचं नाव विचारू नका, मला अजून नीट म्हणता येत नाही. वर्षभर मी ते वेगवेगळ्या प्रकारांनी म्हणले आणि प्रत्येक रिक्षा... म्हणजे टॅक्सीवाल्यानं मला वेगळीकडं नेलं.

तिथं बसल्या बसल्या मला युक्ती सुचली. आईला फोन लावला. "आई, हे काही जावयाचं घर न्हाई. कंपनीचं क्वार्टर हाय. भाडं कंपनीचं, गादी कंपनीची, लाईटबिल कंपनीचं. हितं राहिलीस तर कोण काय म्हणतंय?"

ती दोन दिवस विचार करत होती. मग तिचा फोन आला. "येते. पण पीठ माझं आणीन."

आणि खरंच आणलं. ज्वारीचं पीठ, आमटीत घालायचं येसर, शेंगदाण्याची चटणी, लोणचं. विमानतळावर नवरा पुढं झाला, "मामी, प्रवास कसा झाला?" डोईवरचा पदर सारखा करत ती म्हणली, "बरा झाला जावईबापू. पर त्या विमानवाल्या पोरी लई खायला देतेत. बेजार केलं." खाल्लं काय, तर काही नाही. सगळं पिशवीत भरून आणलं होतं.

पिठाचा डबा तिनं ओट्यावर वेगळा ठेवला आणि जाहीर केलं, "पीठ सरलं की मी चालले." झालं! तेव्हापासून मी रोज झाकण उघडून बघायची. एकदा हळूच दोन वाट्या गव्हाचं पीठ मिसळलं. तिनं परातीत हात घातला न घातला तोच विचारलं, "ह्या पिठाला चिकटपणा कुठून आला ग?" मी म्हणलं, हवेमुळं असेल. ती म्हणली, "हवेला गव्हाचा वास येऊन राहिला."

घरात बसून ती खिडकीतून खाली बघायची. आम्ही विसाव्या मजल्यावर होतो. "माणसं मुंगीएवढी दिसून राहिली, बोलायचं कुणाशी?" म्हणायची. म्हणून एका रविवारी नवरा म्हणाला, चला, मॉलमध्ये जाऊ. शहरातला सगळ्यात भारी मॉल. आम्हीही तोवर आत गेलो नव्हतो, बाहेरूनच बघून पुढं जायचो. आतून येणारा वास इतका श्रीमंत होता की मला वाटायचं, आत शिरलं की कुणीतरी विचारणार, बाई, काम काय काढलं?

सरकत्या जिन्याची आईला भीती नव्हती. "नांदेडच्या स्टेशनावर हाय की," म्हणून टुणकन चढली. घोटाळा वर झाला. रेशमाचं एक दुकान होतं. काचेचं दार, आत पांढरीशुभ्र फरशी, तीत छताचे दिवे दिसत होते. आईनं दारात चपला काढल्या.

"आई, चपला घाल!"

"एवढ्या चकचकीत जागी चपला घालून जाऊ? देवळात बी एवढी सफाई नसते."

ती अनवाणी आत. दाराशी काळा कोट घातलेला रखवालदार होता. त्यानं आईच्या चपलांकडं बघितलं, आमच्याकडं बघितलं, मग वाकून त्या उचलल्या आणि दोन्ही हातांवर धरून उभा राहिला. नवरा पुटपुटला, "धरणी पोटात घेईल तर बरं." मला वाटलं, आपणही काढाव्यात की काय. एक काढलीसुद्धा. नवऱ्यानं असं बघितलं की परत घातली.

आत एक विशीतली मुलगी होती, गोरीपान, नाजूक. ती आईकडं बघून गोड हसली आणि कमरेत वाकली. आईचा जीवच विरघळला. आमच्याकडं बाया कुठल्याही पोरीला लाडानं माय म्हणतात. आपली असो, परकी असो. दूध घालणारी पोरगी माय, बँकेतली पोरगी माय. आई म्हणली, "किती गोड पोरगी हाय. आयुष्य असू दे माय तुला."

मुलीनं लगबगीनं कपाटातून रेशमाचे तागे काढले. मोरपंखी, पिवळा, आणि एक डाळिंबी. हा डाळिंबी मी ओळखते. बाबा असताना आईकडं ह्याच रंगाचं एक लुगडं होतं, ते नेसून ती माझ्या लग्नात मिरवली होती. बाबा गेल्यापासून ती फिकट नेसते. कुणी सांगितलं नाही, तिचं तिनंच ठरवलं. मुलीनं नेमका तोच तागा आईच्या खांद्यावर सोडला आणि आरसा पुढं केला. आई आरशात बघत राहिली. बराच वेळ. मुलीनं तिच्या भाषेत हळूच काहीतरी विचारलं. आवाजावरून एवढंच कळत होतं की, छान दिसतंय ना आजी?

आणि आई म्हणली, "हाव माय."

मुलीचे डोळे लखलखले. तिनं खात्री करायला पुन्हा विचारलं, "हाव? माय?"

"हाव माय, हाव!" आई म्हणली. परदेशातली पोरगी आपल्यासारखं बोलते म्हणल्यावर तिला भरतं आलं. माझ्याकडं वळून म्हणली, "अगं, ही आपल्याकडलीच दिसते!"

तोवर तागा टेबलावर उलगडला होता. मी रंगच बघत होते, नवरा दारातल्या चपलांकडं बघत होता. कर्रर्र आवाज आला तेव्हा मी किंचाळले, "अगं थांब, थांब!" पण थांब कुणाला कळणार? कातर सरळ ह्या टोकाहून त्या टोकाला. मुलीनं कापडाची घडी पेटीत ठेवली, रेशमी फीत बांधली, वर फुलाचा कागद चिकटवला आणि दोन्ही हातांनी ती पेटी नवऱ्यापुढं धरली. शेजारी बिल.

किंमत मी इथं लिहीत नाही. आईला वाचता येतं आणि ती हे वाचणार आहे. नवऱ्याचा चेहरा मात्र सांगते. डाळीतून उडालेल्या खड्यासारखा तो जागच्या जागी उडाला.

मग त्यानं त्याची फॅक्टरीतली चिनी बाहेर काढली. मुलगी नम्रपणे मान हलवत होती, ताग्याच्या कापलेल्या कडेवरून बोट फिरवत होती आणि तेच ते वाक्य परत परत म्हणत होती. शेवटी नवऱ्याला उलगडा झाला आणि तो टेबलाला टेकून हसत सुटला. चिनीत 'हाव' म्हणजे चांगलं, ठीक आहे. आणि 'माय' म्हणजे विकत घेणं. आमच्या आईनं भर दुकानात, हसत हसत, दोनदा सांगितलं होतं, ठीक आहे, घेते.

"पर मी तर तिला पोरी म्हणले!" आई रडकुंडीला आली. "परत घे म्हणावं. जावईबापू, सांगा की तिला."

"मामी, ते कापलेलं परत घेत नाहीत म्हणते."

आईनं पेटीवरची फीत चाचपली. मग खाली बघत म्हणली, "ते बी खरंच हाय. फाडलेलं कापड हदगावात बी परत घेत न्हाईत."

रखवालदारानं चपला पायापाशी मांडल्या. आईनं त्याला हात जोडले, पण तोंड उघडलं नाही. परत काही विकत घेतलं जायला नको.

घरी येईस्तोवर नवरा हसत होता. "मामी, हाव बरी नाही हो. माणसानं हाव करू नये." मी त्याला चिमटा काढला. आईला राग आला होता, तोही बिलाचा नाही. जावयाला आपल्यापायी खर्च झाला, हे तिला लागलं होतं. "उगं आले मी. म्हणून म्हणते लेकीकडं राहू न्हाई माणसानं." झालं का! मी सगळं करून राहिले कशासाठी आणि झालं काय! मी त्या दिवशी कुकरवर, नवऱ्यावर, चिनी भाषेवर, सगळ्यांवर चिडले.

त्यानंतर आईनं हाव म्हणणंच सोडलं. चहा घेतीस का? मान हलवायची. ऊन लागतंय का? "हूं." घरातल्या घरातही. मी म्हणायची, "अगं, हितं कोण ऐकतंय?" ती भिंतीकडं बोट दाखवायची. पलीकडं चिनी शेजारी, काय सांगावं?

पण डाळिंबी कापड तिला स्वस्थ बसू देईना. तिसऱ्या दिवशी सुईदोरा मागितला. "एवढं फाडून ठेवलंय, टाकून देऊ काय?" दिवसभर खिडकीशी बसून तिनं हातानं दोन पोलकी शिवली. एक माझ्या मापाचं. दुसरं कुणाच्या मापाचं ते मी विचारलं नाही.

पुढच्या आठवड्यात नवऱ्याच्या साहेबांनी जेवायला बोलावलं. साहेब म्हणजे बाई, पन्नाशीची, केस कापलेली, बोलायला कडक. सोबत तिची म्हातारी आई येणार होती. जागा त्याच मॉलच्या सगळ्यात वरच्या मजल्यावर. आई नको नकोच म्हणत होती, पण तुमच्या आईला भेटायला माझी आई येते आहे, असा निरोप आल्यावर काय करणार? निघताना ती बाहेर आली. फिकट लुगडं, त्यावर डाळिंबी पोलकं. नवरा काही बोलायला गेला, मी डोळे वटारले.

मोठं गोल टेबल होतं आणि त्याचा मधला भाग आपोआप फिरत होता. ताटल्या समोर यायच्या, जरा थांबल्यासारख्या वाटायच्या आणि निघून जायच्या. आई मांडीवर हात ठेवून नुसती बघत होती. मी कानात म्हणलं, "घे की."

"कुणी घे म्हणलंच न्हाई."

आमच्याकडं पंगतीत वाढणारा आग्रह करतो, आपण नको नको म्हणतो, तेव्हा कुठं जेवण होतं. इथं टेबलच फिरत होतं आणि टेबल काही आग्रह करत नसतं. सगळं शाकाहारी सांगून ठेवलं होतं, आणि ते आईसमोरून वरातीसारखं मिरवत निघालं होतं. मग एक बशी आली. जांभळट चिनी मातीची, नक्षीची, तीत हिरव्या उकडलेल्या शेंगा, वर मीठ. आई एकदम पुढं वाकली.

"अगं, ही तर सोयाबीन!"

सोयाबीनच होती. आमच्या रानातली. जन्मभर आईनं ती पेरली, खुरपली, पोत्यानं मोंढ्याच्या बाजारात नेऊन घातली, पण तोंडात एक दाणा टाकला नाही. तेल गिरणीला, पेंड जनावराला, हाच आमचा हिशोब. "हे माणसं खातेत?" तिनं एक शेंग उचलली, हरभऱ्याच्या घाट्यासारखी दातानं सोलली. मग दुसरी. मग बशी पुढं सरकायला लागली तशी तिनं हातानं टेबलच धरून ठेवलं. पलीकडं नवऱ्यासमोरची वाटी थांबली, साहेबांचा चहा थांबला.

म्हातारीनं हे बघितलं. ऐंशीच्या पुढची असेल, सुरकुतलेली, डोळे मिचमिचे. ती खुर्ची सरकवून आईजवळ आली आणि आईच्या ताटलीत वाढायला लागली. पनीरासारखं पांढरं काहीतरी, तेही सोयाबीनचंच. आईनं रीतीप्रमाणे ताटलीवर हात आडवा धरला, "न्हाई न्हाई." म्हातारीनं हात बाजूला केला आणि वाढलं. आईनं परत हात धरला. म्हातारीनं परत वाढलं. माझ्या आईच्या चेहऱ्यावर किती दिवसांनी समाधान दिसलं मला! कुणीतरी आग्रह करत होतं. ती जेवली. पोटभर जेवली. मी माझं ताट सोडून तिच्याकडंच बघत होते.

मग साहेबांनी फोन मधे ठेवला, बोललेलं दुसऱ्या भाषेत सांगणारा. म्हातारी त्यात काहीतरी म्हणली आणि फोन गंभीर आवाजात बोलला, "आदरणीय माता, आपण कोणासमवेत वास्तव्य करता?"

आई दचकली. "हा कोण बोलून राहिला?"

"कुणाजवळ राहतीस विचारतेत."

आई फोनवर वाकून, घसा साफ करून म्हणली, "मी एकटीच राहून राहिले."

आमचं 'राहून राहिले' म्हणजे 'राहते आहे', हे फोनला कुठून कळणार? तो चिनीत काहीतरी बोलला. म्हातारीनं आईचा हात हातात घेतला. मी नवऱ्याला विचारलं, काय म्हणाला तो? नवरा हळूच म्हणाला, "मी एकटीच मागं राहिले, असं सांगितलं त्यानं."

चुकलं होतं, पण खोटं काहीच नव्हतं. मला रडू आलं, तिथंच, त्या झुंबराखाली.

म्हातारी फोनमध्ये परत बोलली. फोन म्हणाला, "मी माझ्या कन्येसमवेत राहते. ती दररोज माझ्याशी भांडण करते." साहेबांनी कपाळावर हात मारला. आईला हसू फुटलं. "मग तुमी निघून कामून जात न्हाई?"

फोननं ते सांगितलं. म्हातारीनं लेकीकडं हनुवटीनं इशारा केला आणि काहीतरी म्हणली. फोन म्हणाला, "मी गेले तर ती कोणाशी भांडेल?"

आई माझ्याकडं वळली. आपण काही नवीनच ऐकलं, अशी बघत होती.

दोन दिवसांनी पीठ सरलं. आईनं डबा उपडा करून आपटला, पुसला, पालथा घातला. मी भांडायच्या तयारीनंच उभी होते, सगळी वाक्यं जुळवून. ती म्हणली, "त्या पांढऱ्या सोयाबीनची भाजी कर. येसर घाल जरा." मी निमूट केली. तिनं दोनदा घेतली.

व्हिसा संपेपर्यंत ती राहिली. जायच्या दिवशी सकाळी मी तिची बॅग भरत होते. डाळिंबी पोलकं वरच ठेवलं होतं. बाहेर नवरा गाडीची वाट बघत होता. मला माहीत होतं, आता विचारलं नाही तर नांदेडला गाडी बदलून ती गावाकडं जाणार, आणि मी लातूरला आले की पुन्हा रविवारचे फोन, पुन्हा ती अर्धी भाकर. मी बॅगेकडं बघतच विचारलं, "आम्ही लातूरला आल्यावर आमच्याकडं राहशील का? कायमची?"

ती चेन ओढत होती. ओढून झाली. मग म्हणली, "हाव माय."

किती दिवसांनी ऐकलं मी तिचं हाव! पण रविवारचे फोन मला आठवत होते. जेवले म्हणून सांगायची ते हाव आठवत होतं. मी तिचा हात धरला. "नीट सांग. हे आपलं हाव हाय का चिनी?"

"चिनी," आई म्हणली. "कातर चालली समज. आता परत घेता यायचं न्हाई."

मी तिच्या गळ्यात पडले. माझ्या पाठीवर थोपटत ती म्हणली, "पर पीठ माझं आणीन."